पृथ्वीचा गाभा थंड होतोय, आणि त्यावरच आपलं चाललंय

तुमच्या नववीतल्या मुलाचे प्रश्न असे आहेत: पृथ्वीचा गाभा एवढा गरम कशामुळे, साडेचारशे कोटी वर्षं होऊन गेली तरी निवला कसा नाही, आत अणुभट्टीसारखं काही चालू आहे का, आणि उद्या निवलाच तर आपण मंगळासारखे होणार का. शिवाय वज्रेश्वरीला कुंडात पाय सोडून बसल्यापासून त्याच्या डोक्यात बसलंय की ते पाणी गाभ्याच्याच आगीवर तापतं. सगळे प्रश्न रास्त आहेत. मी भूभौतिकीतला माणूस, बोअरमध्ये तापमान मोजायच्या कामात बरीच वर्षं गेली, त्यामुळे उत्तर जरा लांबणार आहे, पण त्याच्यासोबत बसून वाचा.

आधी सरळ उत्तर देतो. गाभ्यातली बहुतेक उष्णता जुनी आहे, पृथ्वी घडताना आत अडकलेली. किरणोत्सर्गाची उष्णता खरी आहे, पण ती मुख्यतः गाभ्यात नाही, त्याच्या वरच्या दगडात आहे. गाभा थंड होतोय, आत्ता हे वाचताना पण होतोय, शंभर कोटी वर्षांत शंभरेक अंश असा काहीतरी वेग धरा. आणि तो थंड होतोय म्हणूनच पृथ्वीला चुंबकीय क्षेत्र आहे. हे शेवटचं लोकांना उलटं वाटतं, त्यासाठीच एवढं लिहायला बसलोय.

पृथ्वीची त्रिज्या ६,३७१ किलोमीटर. वरचं कवच पातळ, खंडांखाली तीस-चाळीस किलोमीटरचं, त्याखाली २,८९० किलोमीटरपर्यंत मॅन्टल, आणि हे मॅन्टल म्हणजे लाव्हाचा समुद्र नाही हं, शाळेच्या चित्रात लाल-पिवळं दाखवतात म्हणून तसं वाटतं, तो घट्ट दगड आहे, फक्त इतका तापलेला की लाखो वर्षांच्या हिशोबात तो वाहतो, वर्षाला काही सेंटीमीटर. त्याखाली गाभा, बहुतेक लोखंड आणि थोडं निकेल. गाभ्याचा बाहेरचा भाग पातळ, म्हणजे वितळलेला, द्रव, आणि ५,१५० किलोमीटरच्या खाली आतला गाभा, तो मात्र घट्ट. आतला गाभा जास्त गरम असून घट्ट का, तर दाबामुळे. तिथे हवेच्या दाबाच्या ३३ लाख पट आणि त्याहून जास्त दाब आहे, आणि एवढ्या दाबाखाली लोखंड वितळायला लागणारं तापमान खूप वर जातं.

तापमान मोजलं कोणी, तिथे तर कोणी गेलं नाही? रशियातला कोलाचा बोअर १२,२६२ मीटरवर थांबला, तळाशी १८० अंश, आणि तरी आपण अजून कवचातच. पण भूकंपाच्या लहरींवरून आतला गाभा नेमका कुठे सुरू होतो ते कळतं, ते इंगे लेमान या डॅनिश बाईंनी १९३६ मध्ये दाखवलं. आता ज्या सीमेवर एका बाजूला लोखंड घट्ट आणि दुसऱ्या बाजूला पातळ, तिथलं तापमान म्हणजे त्या दाबाला लोखंडाचा वितळणबिंदूच असणार ना. मग प्रयोगशाळेत दोन हिऱ्यांच्या टोकांमध्ये लोखंडाचा कण दाबायचा, लेझरने तापवायचा आणि एक्स-रेने बघायचं कधी वितळतो ते. फ्रान्समधल्या ग्रनोबलला २०१३ मध्ये केलेल्या अशा प्रयोगांवरून त्या सीमेसाठी शुद्ध लोखंडाचा आकडा ६,००० अंशांच्या आसपास निघाला. गाभ्यात लोखंडासोबत हलकी मूलद्रव्यं पण मिसळलेली आहेत, त्यामुळे खरा आकडा थोडा खाली, ५,००० ते ६,००० च्या मधे. सूर्याचा पृष्ठभाग साधारण ५,५०० अंश आहे, म्हणजे गाभा सूर्याच्या पृष्ठभागाएवढा गरम असं म्हणतात ते खरंच आहे.

एवढी उष्णता आली कुठून तर पडण्यातून. दगड उंचावरून पडला की जमीन थोडी तापते, तसं ४५४ कोटी वर्षांपूर्वी हजारो किलोमीटरचे गोळे एकमेकांवर आदळत पृथ्वी जमली, आणि शेवटी शेवटी मंगळाएवढी एक वस्तू येऊन धडकली, त्यातून चंद्र झाला असं बहुतेकांचं मत आहे. त्या धडकेत पृथ्वीचा मोठा भाग वितळला. वितळल्यावर जड लोखंड वेगळं होऊन खाली गेलं. हे लोखंडाचं खाली जाणं म्हणजे पण पडणंच की, आणि ते एवढं प्रचंड होतं की नुसत्या त्यानेच सगळी पृथ्वी सरासरी हजार-दीड हजार अंशांनी तापावी. हे सगळं पहिल्या काही कोटी वर्षांतच उरकलं. म्हणजे गाभा जन्मालाच अत्यंत गरम होता, त्याला नंतर कोणी तापवत बसायची गरज नव्हती.

आता किरणोत्सर्ग. युरेनियम, थोरियम आणि पोटॅशियमचा एक प्रकार, या तिघांच्या विघटनातून आजही उष्णता निघते. युरेनियम-२३८ चा अर्धायुष्यकाळ, म्हणजे निम्मं संपायला लागणारा वेळ, ४४७ कोटी वर्षं, थोरियमचा १,४०० कोटी, पोटॅशियम-४० चा १२५ कोटी. पण युरेनियम आणि थोरियम ही लोखंडासोबत जाणारी मंडळी नाहीत, दगडासोबत राहणारी आहेत. वजनाने जड आहेत म्हणून ती तळाला गेली असतील असं बऱ्याच जणांना वाटतं, पण कोण कुठे जाणार ते वजनावर ठरत नाही, कोणाशी रासायनिक जोडी जमते त्यावर ठरतं. त्यामुळे ती मॅन्टलमध्ये आणि त्याहून जास्त वर कवचात येऊन बसली, ग्रॅनाइटमध्ये तर भरपूर. गाभ्यात थोडं पोटॅशियम असू शकेल, पण त्यावर गाभा चालत नाही. अणुभट्टीची कल्पना म्हणूनच सोडून द्या, गाभ्यात त्यासाठी इंधनच नाही.

पृथ्वीतून बाहेर येणारी एकूण उष्णता साधारण ४७ टेरावॅट आहे, एक टेरावॅट म्हणजे एक लाख कोटी वॅट, आणि ही ४७ टेरावॅट म्हणजे सगळी मानवजात मिळून जेवढी ऊर्जा वापरते त्याच्या दुपटीहून जास्त. यातली किरणोत्सर्गाची किती, हे आता नुसत्या अंदाजावर सोडावं लागत नाही. विघटन होताना न्यूट्रिनोजातीचे कण बाहेर पडतात, ते सगळी पृथ्वी भेदून वर येतात, आणि जपानमधल्या कॅमलँड आणि इटलीतल्या बोरेक्सिनो या प्रयोगांनी ते पकडले. त्यातून हिशोब ढोबळ मानाने २० टेरावॅटचा लागतो, म्हणजे निम्म्याला थोडं कमी, पण दोन्ही प्रयोगांचे आकडे अजून नीट जुळत नाहीत. उरलेली जुनी साठवण, हळूहळू बाहेर पडतेय. न्यूट्रिनो पकडण्यात आपलेही लोक अगदी सुरुवातीपासून होते, कुलाब्याच्या टीआयएफआर या टाटा मूलभूत संशोधन संस्थेच्या शास्त्रज्ञांनी परदेशी सहकाऱ्यांसोबत १९६५ मध्ये कोलारच्या सोन्याच्या खाणीत दोन किलोमीटरहून खाली वातावरणात तयार होणारे न्यूट्रिनो जगात पहिल्यांदा पकडणाऱ्यांत नाव मिळवलं. हे तुमच्या मुलाला नक्की सांगा, नेव्हीनगरच्या बसने जाऊन ती इमारत बाहेरून तरी बघता येते.

बाहेर येणारी उष्णता मोजतात कशी हे मी जवळून बघितलंय म्हणून थोडं जास्त सांगतो. बोअर मारून झाल्या झाल्या तापमान घेऊन चालत नाही, कारण ड्रिलिंगच्या पाण्याने भोकाच्या भिंतींचं तापमान बिघडलेलं असतं. खोल बोअर असेल तर महिनोनमहिने थांबावं लागतं. मग केबलला बांधलेला सेन्सर खाली सोडायचा, काही मीटर गेला की थांबवायचा, आकडा स्थिर व्हायची वाट बघायची, लिहायचा, परत सोडायचा. वरच्या वीस-तीस मीटरांत उन्हाळा-पावसाळ्याची लुडबूड असते, तिथले आकडे धरायचे नाहीत. त्याखाली गेलं की आकडा चढायला लागतो आणि चढतच राहतो, अगदी शिस्तीत, अंशाचा शंभरावा-हजारावा भाग करत. आपल्याकडे दख्खनच्या कातळात एक वेगळा त्रास आहे, लाव्हाच्या दोन थरांच्या मधे लाल बोलचा, म्हणजे भाजल्यासारख्या लाल मातीचा, पट्टा किंवा सच्छिद्र कातळ लागतो, त्यातून पाणी आडवं वाहत असतं, ते उष्णता चोरून नेतं आणि मग तुमच्या सरळ रेषेला तिथे बाक येतो. तो बाक दिसला की तेवढा भाग सोडून द्यायचा आणि खालच्या कोरड्या भागावर विसंबायचं. मग त्याच बोअरमधून काढलेल्या कातळाच्या कांड्या लॅबमध्ये नेऊन त्या उष्णता किती वाहून नेतात ते मोजायचं, बेसॉल्ट ग्रॅनाइटपेक्षा कमी नेतो, आणि तापमान चढायचा दर आणि हा आकडा यांचा गुणाकार म्हणजे तिथून वर येणारी उष्णता.

हा गुणाकार फार लहान येतो. खंडांवरची सरासरी धरली तर हजार स्क्वेअर फुटांच्या फ्लॅटएवढ्या जागेतून सहाएक वॅट, एक छोटा एलईडी बल्ब जेमतेम पेटेल एवढीच. मे महिन्यातल्या दुपारी एका चौरस मीटरवर हजारेक वॅट ऊन पडतं, त्यापुढे हे काहीच नाही. म्हणून मुंबईचा उकाडा किंवा जगाचं वाढतं तापमान याचा गाभ्याशी काही संबंध नाही, तो सगळा सूर्याचा आणि हवेचा कारभार आहे.

वज्रेश्वरी, अकलोली, गणेशपुरीचं पाणी गरम का, तर पावसाचं पाणी कातळाच्या मोठ्या भेगांतून बरंच खोल उतरतं, खालचा कातळ गरम असतोच, जगभरात सरासरी किलोमीटरला २५ ते ३० अंश वाढतात, आपल्या द्वीपकल्पाच्या जुन्या कातळात त्याहूनही कमी, तर ते पाणी तापून दुसऱ्या भेगेतून पटकन वर येतं. कोकणात पालीजवळचं उन्हेरे, पुढे उन्हवरे, तुरळ, राजवाडी, ही सगळी कुंडं अशाच भेगांवर आहेत. तिथे ज्वालामुखी नाही आणि गाभा तर २,८९० किलोमीटर खाली, त्याची थेट आच तिथे पोचत नाही. बरं, किलोमीटरला २५ अंश हा दर तसाच केंद्रापर्यंत नेला तर दीड लाख अंशांच्या वर जातो, जे खरं नाही. खाली मॅन्टल ढवळला जातो त्यामुळे तिथे दर एकदम घसरतो, किलोमीटरला अर्ध्या अंशाच्या आसपास.

या ढवळण्यावरच पुढचं सगळं अवलंबून आहे. अंधेरीचा गिल्बर्ट हिल बघितला असेल, वर गावदेवीचं मंदिर आहे तो. साठेक मीटर उंच सरळ उभे खांब, दख्खनचा लाव्हारस निवताना आकसला आणि बहुकोनी तडे जात गेले त्याचे ते खांब, साडेसहा कोटी वर्षांच्या आसपासचे. एवढ्या जाडीचा कातळ नुसत्या दगडातून उष्णता झिरपत निवायला ढोबळ मानाने शंभर वर्षं धरा. आता नियम असा आहे की जाडी दुप्पट झाली की वेळ चौपट लागतो, जाडी दहापट तर वेळ शंभरपट. मॅन्टलची जाडी गिल्बर्ट हिलच्या जवळपास ४८ हजार पट. वर्ग करा आणि शंभर वर्षांनी गुणा, वीस हजार कोटी वर्षांच्या वर जातं. विश्वाचं वय १,३८० कोटी वर्षं. म्हणजे मॅन्टल स्वस्थ पडून राहिला असता तर गाभ्याला आजवर कळलंही नसतं की बाहेर गार आहे.

लॉर्ड केल्विन यांनी १८६२ मध्ये हाच हिशोब पृथ्वीच्या वयासाठी लावला होता. पृथ्वी म्हणजे वितळलेल्या तापमानापासून निवत जाणारा एक घट्ट गोळा, आणि वरच्या कवचात आज दिसते तेवढी तापमानवाढ उरायला किती वर्षं लागतील, उत्तर आलं २ कोटी ते ४० कोटी, नंतर १८९७ मध्ये त्यांनी ते २ ते ४ कोटींवर आणलं. गणित चोख होतं. डार्विनवाल्यांची फार अडचण झाली, उत्क्रांतीला एवढा वेळ पुरेना. पुस्तकांत लिहितात की किरणोत्सर्ग सापडला आणि केल्विन खोटे पडले, पण त्या गोळ्यात किरणोत्सर्गाची उष्णता मिसळली तरी उत्तर फारसं हलत नाही. खरी मेख १८९५ मध्येच जॉन पेरी यांनी दाखवली होती, आणि ते केल्विनचेच एकेकाळचे असिस्टंट. ते म्हणाले की आतला भाग वाहू शकत असेल तर तो खालची उष्णता वर आणून देत राहील, वरच्या सालीतली तापमानवाढ मग कितीतरी जास्त काळ तशीच टिकेल आणि वय अब्जांत जाईल. त्यांचं फार कोणी मनावर घेतलं नाही. मला हा किस्सा फार महत्त्वाचा वाटतो, कारण पृथ्वीची उष्णता हा विषय आजही बरेच जण फक्त किरणोत्सर्गाच्या नावावर टाकून मोकळे होतात.

तर मॅन्टल ढवळतो म्हणून गाभा निवू शकतो, आणि किती वेगाने निवायचं हे गाभा ठरवत नाही, मॅन्टल ठरवतं. मॅन्टल जेवढी उष्णता उचलेल तेवढीच गाभा देणार, आजचे अंदाज ५ ते १५ टेरावॅटमध्ये आहेत. मॅन्टलच्या अगदी तळाशी शे-दोनशे किलोमीटरच्या पट्ट्यात तापमान हजार अंशांहून जास्त बदलतं, तो पट्टा म्हणजे गाभ्यावरचं खरं पांघरूण.

उष्णता वरून निघून गेली की पातळ गाभ्यात वर निवलेलं लोखंड खाली जातं, खालचं गरम वर येतं. शिवाय तळाशी लोखंड गोठत जातं आणि आतला गाभा वाढतो, त्रिज्येत वर्षाला साधारण एक मिलिमीटर. गोठताना दोन गोष्टी होतात, सुप्त उष्णता सुटते, आणि लोखंडात विरघळलेली हलकी मूलद्रव्यं घट्ट भागात मावत नाहीत म्हणून बाहेर पातळ भागात टाकली जातात, ती हलकी म्हणून वर धावतात आणि सगळं आणखी ढवळतात. ढवळणारं पातळ लोखंड विजेचं वाहक, त्यात पृथ्वीचं फिरणं, यातून वीजप्रवाह आणि त्यातून चुंबकीय क्षेत्र. गाभा निवायचा थांबला, म्हणजे कितीही गरम राहिला पण उष्णता द्यायची बंद झाली, तर ढवळणं बंद आणि चुंबकीय क्षेत्र पण बंद.

या क्षेत्राची नोंद ठेवण्यात मुंबई जगात फार जुनी आहे. कुलाब्याच्या वेधशाळेत १८४१ पासून चुंबकीय मोजणी होत होती. पुढे शहरात विजेच्या ट्राम येणार असं ठरलं, ट्रामच्या विजेने मोजणी बिघडणार, म्हणून नानाभाई मूस यांच्या काळात, ते त्या वेधशाळेचे पहिले भारतीय प्रमुख, १९०४ मध्ये अलिबागला नवी वेधशाळा सुरू झाली. चुंबकीय नसलेला पोरबंदरचा दगड आणून इमारत बांधली, कारण आपला काळा कातळ स्वतःच चुंबकीय असतो. १९०६ पर्यंत दोन्हीकडे एकाच वेळी नोंदी घेतल्या, म्हणजे जुनी मालिका नव्याला जोडता यावी. मग कुलाब्याची चुंबकीय मोजणी बंद, अलिबागची आजही चालू. गाभ्यात काय चाललंय हे सांगणारी पावणेदोनशे वर्षांहून जास्त लांबीची नोंद आपल्याच किनाऱ्यावर आहे, आणि अलिबागला जाणाऱ्या बहुतेकांना किल्ला आणि बीच सोडून काही माहीत नसतं याचं मला मनापासून वाईट वाटतं.

मंगळाबद्दल. मंगळ लहान, लवकर निवला, त्याचं चुंबकीय क्षेत्र चारेकशे कोटी वर्षांपूर्वी बंद पडलं. पण त्याचा गाभा गोठून दगड झाला म्हणून ते बंद पडलं असं समजू नका. इनसाइट यानाने मंगळावरचे भूकंप मोजले त्यातून दिसलं की त्याच्या गाभ्याचा मोठा भाग आजही पातळ आहे. पातळ आहे पण क्षेत्र तयार होईल असा ढवळत नाही. शुक्र तर जवळपास आपल्याएवढा, आत गरम असणार, तरी त्याला स्वतःचं चुंबकीय क्षेत्र नाही. म्हणजे नुसतं गरम असून भागत नाही, उष्णता बाहेर पडायला वाट पाहिजे. आपल्याकडे समुद्राचा थंड तळ मॅन्टलमध्ये बुडत राहतो, म्हणून ती वाट चालू आहे.

२०२३ मध्ये एक फॉरवर्ड फिरला, पृथ्वीचा गाभा फिरायचा थांबला म्हणून. मूळ संशोधन एवढंच म्हणत होतं की आतला गाभा मॅन्टलच्या तुलनेत किंचित पुढे जात होता तो आता त्याच्याच वेगाने फिरतोय आणि कदाचित मागे पडायला लागलाय. पृथ्वीसोबत तो रोज गिरकी घेतोच आहे. चुंबकीय क्षेत्र दोनशे वर्षांत नऊएक टक्क्यांनी कमी झालंय हे खरं, पण असं चढणं-उतरणं नेहमीचं आहे, कधी कधी तर उत्तर-दक्षिण पूर्ण उलटतात, दख्खनच्या कितीतरी थरांत तशी उलटी दिशा नोंदलेली आहे. त्याचा गाभा निवण्याशी थेट संबंध नाही.

मग पूर्ण कधी निवणार. आतला गाभा सगळ्या गाभ्याच्या आकारमानाच्या फक्त चारेक टक्के आहे, ९६ टक्के अजून पातळ. जसजसा तो वाढतो तसा प्रत्येक मिलिमीटरला जास्त लोखंड गोठवावं लागतं, आणि उरलेल्या पातळ भागात हलकी मूलद्रव्यं साचत जातात त्यामुळे ते गोठायचं तापमान आणखी खाली जातं, म्हणजे काम पुढे पुढे हळू होत जाणार. दुसरीकडे सूर्य दर शंभर कोटी वर्षांनी साधारण दहा टक्के प्रखर होतोय, शंभरेक कोटी वर्षांत त्यानेच समुद्र आटवायला घेतलेले असतील, आणि पाचशे कोटी वर्षांनी तो फुगून लाल राक्षसी तारा होणार. समुद्र आटतील तेव्हा गाभा आजच्यापेक्षा शंभरेक अंशांनीच निवलेला असेल, आणि त्याचा मोठा भाग तेव्हाही पातळच असेल.